साठ किलो शांतता

आमचे साडूभाऊ आणि मी एकाच सासुरवाडीचे गिऱ्हाईक. त्यामुळे आमचं पटायला तशी काहीच हरकत नव्हती. पण साडूभाऊंनी गाडी घेतली.

गाडी घेण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मीरा-भाईंदरात गाडी घेणं सोपं; ती उभी करायला जागा मिळणं याला पूर्वपुण्याई लागते. पण साडूभाऊंनी घेतली ती १९६६ सालची स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासला १९६१ पासून दहाएक वर्षं ही गाडी बनत असे. मूळची ती विलायतेची ट्रायम्फ हेरल्ड, आणि तिची अंगकाठी इटलीच्या मिकेलोत्ती नावाच्या कलावंताने आखलेली. दोन दारं, नाकासकट उचललं जाणारं बॉनेट आणि ९४८ सीसीचं इंजिन. याच हेरल्डची चेसिस आखूड करून १९६२ साली विलायतेत स्पिटफायर नावाची स्पोर्ट्स कार काढली. एवढ्या आधारावर साडूभाऊ आपल्या गाडीला 'क्लासिक स्पोर्ट्स कार' म्हणतात. चुलतभाऊ कलेक्टर झाला की आपणही थोडेफार कलेक्टरच, असा हा हिशेब आहे. मी त्यावर बोललो नाही. मी बँकेत क्लार्क आहे. २०२४ पासून आम्हां क्लार्कांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात, आणि गिऱ्हाईक अजूनही खिडकीतून 'ओ, जरा बघा की!' असंच म्हणतं. नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही हे मी पगारी अनुभवाने शिकलो आहे.

तर ही स्पोर्ट्स कार सोसायटीच्या फाटकातून आत शिरते तेव्हा तिसऱ्या मजल्यावर आमच्या मांडणीतल्या वाट्या एकमेकींना भेटायला निघतात. यात गाडीचा दोष असा नाही. हेरल्डचं शरीर एकसंध नाहीच. ते तुकड्यातुकड्यांनी करून बोल्टांनी जोडलेलं आहे. बोल्ट काढले तर छप्परसुद्धा उचलून बाजूला ठेवता येतं. साठ वर्षांत यातल्या प्रत्येक बोल्टाने आपलं स्वतंत्र मत बनवलं आहे. गाडी चालू झाली की आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा भरल्यासारखं वाटतं. फरक इतकाच, की सभा जागची हलत नाही.

तुम्ही म्हणाल, जुनी गाडी आवाज करणारच. त्यात लेख लिहिण्यासारखं काय आहे?

अण्णा आहेत.

अण्णा म्हणजे आमचे सासरे. लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात त्यांनी बारा वर्षं काढली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, साचे थांबले ते थांबलेच. पण अण्णांच्या कानांचं जे व्हायचं ते त्याआधीच होऊन गेलं होतं. शेकडो साचे एकदम चालतात तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठ वाचायचे, नाहीतर हातवारे करायचे. अशा गोंगाटात कान जातो तो आधी वरच्या पट्टीत, चार हजार हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे माणूस बहिरा होतो आहे हे त्याच्या घरच्यांनाही कळत नाही. त्याला आवाज ऐकू येतो, फक्त शब्द लागत नाहीत. 'चहा' म्हटलं तर 'आ' तेवढा पोचतो, बाकीचा कपातच राहतो. आता पंच्याहत्तरीला अण्णांनी कानाचं यंत्र घेतलं आहे आणि घरात त्याने बरं चालतं. पण दर रविवारी साडूभाऊ त्यांना फिरायला नेतात. गाडी सुरू झाली की यंत्र साडूभाऊंचं बोलणं मोठं करतं, तसाच गिअरबॉक्सही मोठा करतं. त्याला जावई आणि गिअरबॉक्स यांत फरक करता येत नाही. (सासूबाईंनाही एकेकाळी येत नसे.) मग अण्णा यंत्र काढून सदऱ्याच्या खिशात ठेवतात, खिडकीबाहेर बघतात आणि अधूनमधून उगीचच हसतात, आपण हसतो आहोत असं आम्हांला वाटावं म्हणून. त्यांना फिरवायला म्हणून गाडी काढायची आणि गाडीत तेच एकटे!

तेव्हा साडूभाऊंनी गाडी आतून शांत करायची ठरवली, हे उत्तमच केलं. माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे.

काशिमीऱ्याच्या बाजूला हायवेलगत एक गाड्यांच्या शृंगाराचं दुकान आहे. साडूभाऊ मला 'हिशेबाला' म्हणून घेऊन गेले. दुकानदाराने गाडीवर दोनदा टिचकी मारली आणि निदान केलं: फुल पॅकेज. तळ, दारं, छप्पर, डिकी, सगळीकडे डॅम्पिंगच्या पट्ट्या, त्याही दोन थर, वरून नमदा. मी विचारलं, वजन किती वाढेल? तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत म्हणाला, "साहेब, वजन म्हणजेच तर क्वालिटी!"

मी तिथेच पावतीच्या पाठीवर मांडणी केली. आतून लागणारा पत्रा आठ चौरस मीटर. दोन थर म्हणजे सोळा. दोन मिलिमीटर जाडीच्या ब्यूटिलच्या पट्टीचं वजन चौरस मीटरला सव्वातीन किलोच्या आसपास. झाले बावन्न. नमदा आठ. एकूण साठ. साठ किलो म्हणजे, चष्म्यासकट, मी. मी साडूभाऊंना म्हणालो, "तुम्ही मला लाटून पत्र्यावर चिकटवणार आहात आणि वर मला गाडीतही बसवणार आहात."

गाडी आठशे किलोच्या आसपासची. तिच्यावर साठ म्हणजे साडेसात टक्के. आमच्या बँकेत मुदत ठेवीला एवढा दर मिळत नाही. आणि हे व्याज भरणार कोण? तर चाळिशीच्या आतली अश्वशक्ती असलेलं, साठीला आलेलं इंजिन. स्प्रिंगा त्याच वयाच्या, ब्रेक त्याच वयाचे. घोडबंदरच्या गायमुख चढावर ही गाडी आधीच देवाचं नाव घेते. तिला आणखी एक माणूस कायमचा पाठीवर देणं, तोही भाडं न देणारा आणि मध्ये कुठे न उतरणारा!

पण दुकानदाराला एकट्याला दोष देऊन काय उपयोग? वजन म्हणजे क्वालिटी हे आपल्या सबंध मध्यमवर्गाचं तत्त्वज्ञान आहे. कपाट चांगलं का, तर चौघांना हलत नाही. भांडं चांगलं का, तर पायावर पडलं तर बोट मोडेल. शोरूममध्ये जाऊन आपण गाडीचं काय बघतो? दार लावून बघतो. 'ठप्प' असा आवाज आला की मान डोलावतो, 'खण्ण' आला की बायकोकडे बघतो. मोटारवाल्यांना आपली ही खोड कळली आहे, आणि दार लावताना कसा आवाज यावा याच्यावरही पगारी इंजिनिअर बसवलेले असतात. शांतताही आपण अशीच किलोवर मागतो.

आणि शांतता किलोवर मिळत नाही हो! हे मी बी.कॉम. असूनही सांगतो, कारण हा शेवटी आकड्यांचाच मामला आहे. पत्र्याचं वजन दुप्पट केलं तर पलीकडे जाणारा आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. कानाला आवाज निम्मा झाला असं वाटायला दहा उतरावे लागतात. म्हणजे निव्वळ वजनाच्या जोरावर आवाज निम्मा करायचा तर पत्रा तिपटीहून जड करायला हवा. चक्रवाढ व्याज आहे हे, आणि कर्जदार आपण. उलट फट बघा. भिंत किल्ल्याची असो, तिच्यात शंभरातला एक हिस्सा मोकळा राहिला तर वीस डेसिबलच्या वर ती काही अडवू शकत नाही. उरलेले नव्व्याण्णव हिस्से शिशाचे केलेत तरी! आणि साडूभाऊंच्या गाडीत फटी किती होत्या म्हणता? इंजिन आणि आपले पाय यांच्यामध्ये जी पत्र्याची भिंत असते, तिच्यातून वायरी, केबली, पेडलं असं सगळं आत येतं. त्या भोकांची रबरं केव्हाच वाळून गळून पडली होती. बसल्याजागी इंजिन दिसत होतं. तिजोरीचं दार उघडं टाकून भिंतीला गिलावा करण्यातला हा प्रकार.

साडूभाऊ सहजासहजी हरणारे नव्हेत. "मग रोल्स-रॉइसवाले काय मूर्ख आहेत?" असं त्यांनी विचारलं. मूर्ख नाहीत, श्रीमंत आहेत. २०२० साली त्यांनी नवी घोस्ट काढली तिच्यात शंभर किलोंहून जास्त आवाज शोषणारं सामान भरलं. (तेवढं वजन ओढायला त्यांच्याकडे बारा सिलिंडर आहेत.) आणि पुढची गंमत ऐका. गाडी इतकी शांत झाली की आत बसलेल्या माणसांना कसंतरीच व्हायला लागलं. मग कंपनीने मुद्दाम एक हलकी कुजबुज परत आत सोडली. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम-फाइव्ह गाडीत तर इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवायला सुरुवात केली. आधी वजन घालून आवाज घालवायचा आणि मग वीज घालून आणायचा! दुसरीकडे विलायतेतलाच लोटसचा चॅपमन. त्याने जन्मभर एकच धोशा लावला, गाडीतून वजन काढा. त्याच्या गाड्या शर्यती जिंकल्या. त्यांच्यात बसून गप्पा मारता येत होत्या की नाही ते सोडा. त्याचे सासरे मागे बसत नसावेत.

नमद्याचंही सांगून टाकतो, म्हणजे त्या दुकानदाराचं आणि माझं खातं बंद होईल. नमदा आवाज शोषतो हे खरं, पण पाणीही शोषतो. आणि आपण राहतो कुठे? एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मध्ये मिठागरं. इथे छत्रीची काडी दुसऱ्या पावसाळ्यात गंजते. जूनमध्ये ओला झालेला नमदा दिवाळीपर्यंत पत्र्याला कवटाळून बसतो, आणि दिवाळीला गाडीच्या तळातून रस्ता दिसू लागतो. दारांच्या आत खालच्या बाजूला पाणी निचरायची बारीक भोकं असतात, तीही हे फुल पॅकेजवाले पट्टीखाली बुजवून टाकतात. मग वळणावर दारातून डुचमळल्याचा आवाज येतो आणि आपण म्हणतो, गाडी शांत झाली पण पोटात काहीतरी आहे. आणखी एक. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. अट ही की गाडी मूळ रूपात हवी. साडूभाऊंचा त्या पाटीवर केव्हाचा डोळा आहे. जे लावायचं ते उद्या निघालं पाहिजे. ज्योत मारून चिकटवलेलं डांबर निघत नाही. त्याच्याबरोबर रंग निघतो.

इतकं बोलून झाल्यावर साडूभाऊ म्हणाले, "बँकवाले, नको म्हणणं सोपं असतं. कर्ज नाकारायची सवयच तुम्हांला. करायचं काय ते सांगा."

खरं सांगायचं तर इथे माझी वाणिज्य शाखा संपली होती. पुढचं काम अण्णांनी केलं.

रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये गाडी चालू ठेवून आम्ही दोघे जावई बॉनेटभोवती तज्ज्ञासारखे उभे होतो. अण्णा खाली आले. यंत्र खिशात. त्यांनी आम्हांला हाताने बाजूला केलं, आणि उजवा तळवा गाडीच्या पत्र्यावर ठेवला. मग थोडा पुढे. मग थोडा मागे. डॉक्टर पोट तपासतात तसे ते सबंध गाडीवरून हात फिरवत गेले. नातवाकडून खडू मागवला आणि जिथे तळव्याला थरथर लागली तिथे गोल काढले. दाराच्या मधोमध एक. छपराच्या मध्यावर एक. मागच्या सीटखाली मोठा. गिअरबॉक्सवरच्या टोपणावर दोन. "साच्याला असंच बघायचो," एवढंच म्हणाले. "तिथं कान काय कामाचा?" आणि मग जमिनीवर बसले, पंच्याहत्तराव्या वर्षी, आणि मागून हात घालून सायलेन्सरची नळी हलवली. तिला धरणारं रबर तुटलं होतं. नळी सरळ चेसिसला टेकली होती, आणि इंजिनाचा सगळा थरकाप तिच्यावाटे गाडीभर वाटला जात होता.

हे रबर दोन वडापावांच्या भावात मिळतं. वजन, बोटावर तोलता येईल इतकं. ते लावलं आणि जी 'घूं' आमच्या वाट्यांना बोलवत असे ती अर्धी तिथेच बसली. साठ किलोंच्या शांततेचं निदान करणाऱ्या त्या दुकानदाराने गाडीखाली वाकून पाहिलं नव्हतं. आणि असली 'घूं' वरून कितीही पांघरुणं घातली तरी जात नाही. खालच्या पट्टीचा आवाज फोमला भीत नाही. तो जिथून निघतो तिथेच त्याला गाठावं लागतं. हे आम्हांला गाडीच्या बाबतीतही पटत नाही, गल्लीच्या बाबतीतही नाही. सरकारी नियमांत २००० सालापासून लिहिलेलं आहे, राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबल, रात्री पंचेचाळीस. आमच्या सोसायटीत मात्र खाली डीजे लागला की लोक जाड काचेच्या खिडक्यांचं कोटेशन मागवतात. असो. विषय गाडीचा आहे.

पुढचे दोन रविवार आम्ही अण्णांच्या गोलांचं पालन केलं. पट्टी सगळीकडे लागत नाही, हे एकदा मनात ठसलं की काम हलकं होतं. पत्रा बडवल्यासारखा वाजतो तो मधल्या मोकळ्या भागात. तिथे पाव हिस्सा झाकला तरी बहुतेक 'खण्ण'चं 'ठक' होतं. आठ मीटरची पाव म्हणजे दोन मीटर. जड थर फक्त इंजिनाकडच्या भिंतीला दिला, कारण तिथे खरोखर अडवायचं आहे. आणि त्याआधी तिची सगळी भोकं नव्या रबरांनी बुजवली. तळाला नमद्याऐवजी योगासनाच्या चटईच्या जातीचा बंद पेशींचा फोम घातला. तो पाणी पीत नाही आणि मुठीत घेतला तर काही घेतल्यासारखं वाटत नाही. दारांची रबरं तपासायला बँकेतली नोट उपयोगी पडली. दारात दहाची नोट धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज सुटली तर रबर मेलं आहे. (अडकून फाटली तर रबर ठणठणीत. फाटकी नोट बदलून द्यायला मी आहेच.) साडूभाऊंच्या उजव्या दारातून नोट अशी सुटली, की वेतन आयोगाच्या आधीच्या पगाराची आठवण झाली.

आणि मग मी तो प्रस्ताव मांडला ज्याच्यामुळे साडूभाऊ चार दिवस माझ्याशी बोलत नव्हते. जेवढं जमा, तेवढं नावे. गाडीत जितके किलो घालायचे तितके आधी बाहेर काढायचे. डिकी उघडली. आधीच्या मालकाच्या चिरंजीवांनी बसवलेली, कधीच बंद पडलेली स्पीकरची पेटी: साडेआठ किलो. चढावर चाकाखाली लावायचा दगड, मराठी माणसाच्या गाडीत असतोच तो: चार किलो. साडूभाऊ म्हणाले, "हा दगड लकी आहे." मी म्हणालो, "असेल, पण त्याला बसनं येऊ दे." त्याच्या जागी लाकडी पाचर आली. खतावणी अशी: पट्ट्या साडेसहा, भिंतीचा थर तीन, फोम दीड, रबरं दीड, एकूण साडेबारा. निघाले साडेबारा. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा ट्रायल बॅलन्स पहिल्या फटक्यात जुळला तो हा एकदाच. पाचर भरली पाव किलो. ती सस्पेन्स खात्यात टाकली.

तिसऱ्या रविवारी गाडी काढली. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनचा रस्ता. साडूभाऊ चालवत होते, अण्णा शेजारी, मी आणि भाचा मागे. गाडी मुकी झाली होती असं नाही. तिचा आवाज येत होता, यायलाच हवा. दुसऱ्या गिअरला ती अजून थोडं कण्हत होती. पण आवाज आता गाडीचा येत होता, बोल्टांचा नव्हे. मुर्धा गेलं. अण्णांचा हात खिशाकडे गेला नाही. राई गेलं. उत्तन जवळ आलं तसा वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आत शिरला. वासाच्या बाबतीत नवी रबरं काही करू शकत नाहीत असं दिसतं.

साडूभाऊ भलतेच खुशीत आले होते. हेरल्डची चेसिस, स्पिटफायर, मिकेलोत्ती, आपण कसं पहिल्यापासून म्हणत होतो की वजन वाढवायचं नाही, दुकानदार आपल्याला कसा फसवणार होता, हे सगळं ते अण्णांना सांगत होते. आणि गेल्या दोन वर्षांच्या सवयीने, गिरणीच्या भोंग्याच्या पट्टीत.

डोंगरीच्या चढावर अण्णांनी त्यांच्या हातावर अलगद तळवा ठेवला, पत्र्यावर ठेवला होता तसा.

"जावईबापू," ते म्हणाले, "जरा हळू बोला. ऐकू येतंय मला."